तिथी पाहून आखलेली सहल: फणसाड आणि मुरुडचा किनारा

पुण्यातील एका लहानशा निसर्गसहल संस्थेबरोबर गेल्या जानेवारीत मी आणि माझी पत्नी फणसाड अभयारण्य व मुरुडजवळचा किनारा अशी तीन दिवसांची पक्षिनिरीक्षणाची आणि छायाचित्रणाची सहल करून आलो. माणशी १४,५०० रुपये घेतले. त्यात पुण्याहून पुण्यापर्यंतचा प्रवास, दोघांत एक खोली, जेवणखाण, खाडीतली होडी आणि अभयारण्याचे प्रवेशशुल्क धरलेले होते. लेन्स भाड्याने हवी असल्यास तिचे पैसे निराळे. ही सहल घ्यावी की नाही, असे विचारणारे तीन-चार फोन मला येऊन गेले आहेत. त्यांना जे तोंडी सांगितले तेच येथे जरा विस्ताराने लिहीत आहे.

आधी तारखेविषयी सांगितले पाहिजे, कारण माझ्या मते या सहलीचे निम्मे श्रेय तारखेच्या निवडीला आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका आयोजकाबरोबर २६ जानेवारीला जोडून आलेल्या सुट्टीत याच किनाऱ्यावर गेलो होतो. सकाळी आठ वाजता मोठ्या उमेदीने पुळणीवर उतरलो, तर समुद्र लांब कुठेतरी चकाकत होता, मध्ये ओल्या वाळूचा अफाट पट्टा पसरला होता आणि पाण्याच्या कडेला मिरीचे दाणे सांडावेत तसे पक्षी दिसत होते. त्या दोन दिवसांत काढलेल्या छायाचित्रांपैकी एकही मी आजवर कोणाला दाखवलेले नाही. तेव्हा आम्ही नशिबाला बोल लावला. चूक पंचांगाची होती, म्हणजे पंचांग न पाहण्याची होती, हे मला या वेळी कळले.

सहलीच्या आठवडाभर आधी संस्थेने सदाशिव पेठेतील एका छोट्या सभागृहात सर्वांना बोलावले होते. अशा बैठकीत साधारणपणे सामानाची यादी वाचून दाखवतात आणि चहा पाजतात. येथे मार्गदर्शक तरुणाने फळ्यावर सर्वप्रथम कोकणातील मच्छीमारांचे जुने गणित लिहिले: तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, जे उत्तर येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला भरती तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि ओहोटी त्याच्या सुमारे सहा तास पुढेमागे. आमची ती जुनी सहल तृतीयेला होती. तिची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी सव्वाआठला. आम्ही नेमके समुद्र सर्वांत दूर गेलेला असताना तेथे पोहोचलो होतो. हे गणित ढोबळ आहे, जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, आणि संस्थेने भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रकही हातात दिले होते. परंतु त्या कागदापेक्षा हे पाऊणपटीचे गणितच माझ्या डोक्यात पक्के बसले.

यंदाची सहल दशमी ते द्वादशी अशी होती. शनिवारी एकादशी, म्हणजे भरती सव्वाआठच्या सुमारास. शिवाय अष्टमीनंतरचा भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले दिवस, नुकताच सरत असल्यामुळे पाणी फार दूरही जात नाही. सकाळी सात-सव्वासातला उजाडते, पाणी चढत असते, आणि चिखलात किंवा ओल्या वाळूत चरणारे पक्षी त्या पाण्याबरोबर मागे मागे सरकत आपल्याकडे येतात. कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळी सूर्य आपल्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर. त्याहून मौजेची गोष्ट वाऱ्याची. पहाटेपासून काही तास मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, आणि थव्याने विसावलेले पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. म्हणजे त्या वेळी ते आपल्याकडे पाहत असतात. अकराच्या पुढे खारे वारे सुरू झाले की सगळा थवा पाठ फिरवतो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे यांची व्याख्या पाठ करून आपण गुण मिळवले. त्यांचा छायाचित्रणाशी असा संबंध असेल, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी समजले.

आता प्रत्यक्ष सहलीकडे वळतो. शुक्रवारी पहाटे पाचला चांदणी चौकातून निघायचे होते, ते पावणेसहाला निघालो. एका सहप्रवाशाची वाट पाहण्यात वेळ गेला. ताम्हिणी, विळे, कोलाड, रोहा असा रस्ता. घाटातील वळणांचा ज्यांना त्रास होतो त्यांनी पुढची जागा आधीच मागून घ्यावी. निवास नांदगावजवळच्या एका घरगुती निवासस्थानी होता. खोल्या स्वच्छ, जेवण उत्तम, आणि सोलकढी मागितली तितकी. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. शनिवारी दुपारचे जेवण मात्र तीन वाजता पानात पडले आणि त्यामुळे खाडीची फेरी अर्धा तास उशिरा सुरू झाली.

शनिवारची सकाळ हा या सहलीचा गाभा होता. पावणेसातला, अजून झुंजूमुंजू असतानाच, आम्हाला सुरूच्या बनातून पुळणीवर नेले आणि पाण्यापासून बऱ्याच अंतरावर एका रेषेत पालथे झोपायला सांगितले. आपण पक्ष्यांकडे जायचे नाही, पाणी त्यांना आपल्याकडे आणील, एवढीच सूचना. माझ्यासारख्या गुडघेदुखीच्या माणसाने ओल्या वाळूत पोटावर पडून राहणे हा काही सुखाचा प्रकार नव्हे, आणि शेजारी पडलेली माझी पत्नी मधूनमधून माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती ते येथे लिहीत नाही. पण पंधरा-वीस मिनिटांत चिखल्यांची एक रांग आमच्या दिशेने सरकू लागली. चार पावले धावायचे, खिळल्यासारखे थांबायचे, मान तिरकी करून वाळूत काहीतरी टिपायचे, पुन्हा चार पावले. लडाख-तिबेटकडच्या उंच पठारावर वीण करून हिवाळ्यासाठी येथे उतरणारे हे मूठभर वजनाचे पक्षी. एक तर इतका जवळ आला की माझी लेन्स त्याच्यावर स्थिरावेना. तिच्या किमान अंतराच्या आत तो येऊन उभा होता. त्याच्या पायाला चिकटलेला वाळूचा एक कण आणि डोळ्यात दिसणारी आमच्या ओळीची काळी रेघ मी नुसत्या डोळ्यांनी पाहिली. छायाचित्र नाही. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही.

मागे कुरवांचा मोठा थवा होता. पुण्यात बहुतेकांची पक्ष्यांशी ओळख कवडीपाट, पाषाण किंवा भिगवणला होते, आणि तेथे दिसणाऱ्या कुरवांना आपण एकाच नावाने मोकळे करतो. येथे मार्गदर्शकाने एकेक वेगळा करून दाखवला: तपकिरी डोक्याचा कुरव, रशियाच्या उत्तरेकडून येणारा गडद पाठीचा ह्यूग्लिनचा कुरव, आणि त्या सर्वांत थोराड असा पल्लासचा कुरव, ज्याच्या डोक्यावर विणीच्या हंगामाची काळी टोपी जानेवारीतच उमटू लागलेली होती. नारिंगी चोचीचे सुरयही होते. उडत्या सुरयांसाठी शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या खाली नेऊ नका, पांढरा पक्षी गडद पाण्यावर असेल तर एक्स्पोजर थोडे उणे करा आणि उजळ आकाशावर असेल तर थोडे अधिक, अशा सूचना तो हळू आवाजात एकेकाजवळ जाऊन देत होता. शिकवण्याचा आव नव्हता. माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक नजर टाकून तो म्हणाला, “काका, पिसं जळलीत. दोन घर खाली घ्या.” म्हणजे जादा प्रकाशामुळे पिसे नुसती पांढरीफटक आली होती, एक्स्पोजर कमी करायला हवे होते. एवढ्याने माझी उरलेली सकाळ सुधारली.

थव्यात धावत जाऊन पक्षी उडवायचे आणि उडत्या थव्याचे छायाचित्र घ्यायचे, हा प्रकार काशीदच्या किनाऱ्यावर आम्ही येता-जाता पाहिला. आमच्या गटातील एकाने तशी हळूच सूचनाही केली. मार्गदर्शकाने त्याला सर्वांसमोर न बोलता बाजूला नेऊन समजावले, आणि नंतर सर्वांना सांगितले की भरतीच्या वेळी या पक्ष्यांना चरायला जागाच उरत नाही, ती त्यांची विश्रांतीची वेळ. हजारो किलोमीटर उडून आलेल्या आणि तितकेच परत जायचे असलेल्या पक्ष्याला दिवसातून पाच वेळा उगाच उडवणे म्हणजे त्याच्या प्रवासाची शिदोरी लुटणे. मला हे बोलणे आणि बोलण्याची रीत दोन्ही आवडले.

नऊला ऊन तापू लागले आणि दहाच्या सुमारास वाळूवरून उठणाऱ्या वाफांमुळे भिंगातून सगळे थरथरताना दिसू लागले. तेव्हा काम थांबवून न्याहारीला परतलो. हे थांबणेही मला महत्त्वाचे वाटते. पैसे घेतले आहेत म्हणून बारापर्यंत लोकांना उन्हात फिरवणारे आयोजक मी पाहिले आहेत.

दुपारनंतर रेवदंडा-साळाव पुलाच्या परिसरात कुंडलिकेच्या खाडीत होडीची फेरी झाली. दुपारची ओहोटी अडीचच्या सुमारास, त्यामुळे साडेचार-पाचला पाणी पुन्हा चढत होते आणि होडी तिवरांच्या अगदी कडेने नेता येत होती. तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, साठीच्या पुढचे. मी त्यांना पाऊणपटीच्या गणिताविषयी विचारले, तर ते हसून म्हणाले, “आमचा आजा बोटांवर मोजायचा. आता पोरं मोबाइलवर बघतात. भरती काय दोघांनाबी सारखीच येते.” पक्षी दिसला की ते इंजिन बंद करून होडी नुसती प्रवाहावर सोडत. असे वाहत वाहत आम्ही काळ्या डोक्याच्या खंड्याच्या इतके जवळ गेलो की त्याच्या जांभळट निळ्या पाठीवरचा मावळतीचा प्रकाश स्वच्छ टिपता आला. जाळ्यांसाठी रोवलेल्या एका खांबावर ऑस्प्रे बसला होता, पंजात अर्धा खाल्लेला मासा. त्याने आमच्याकडे एकदा पाहिले आणि जेवण चालू ठेवले. ब्राह्मणी घारी इतक्या होत्या की शेवटी त्यांच्याकडे कोणी कॅमेरा वळवेना. उशिरा निघाल्यामुळे गमावलेला अर्धा तास मला येथे सर्वांत जास्त खटकला, कारण सव्वासहाच्या पुढे प्रकाश उरत नाही.

फणसाडविषयी माझे मत तितके एकमुखी नाही. अभयारण्य सुंदर आहे, यात शंका नाही. जंजिऱ्याच्या नबाबांचे हे शिकारीचे राखीव जंगल. १९८६ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर इतके दाट जंगल उभे आहे, याचे प्रत्येक वेळी आश्चर्य वाटते. गारंबीचे अजस्र वेल, मीटरभराहून लांब वाढणाऱ्या त्यांच्या शेंगा, आणि जंगलातले पाणवठे, ज्यांना येथे ‘गाण’ म्हणतात. शुक्रवारी दुपारी आम्हाला अशाच एका गाणीजवळ संस्थेने परवानगीने लावलेल्या कापडी आडोशात बसवले. कल्पना चांगली होती. परंतु आडोसा पाण्याच्या पूर्वेला होता आणि आम्ही बसलो होतो दुपारी तीन ते साडेपाच. त्यामुळे सूर्य सरळ भिंगात येत होता. पाचू कवडा आला, नारिंगी डोक्याचा कस्तूर आला, पांढऱ्या फितीसारखी लांब शेपटी मिरवणारा स्वर्गीय नर्तक तर पाण्यात तीन वेळा बुडी मारून गेला, आणि या सर्वांच्या काळ्या सावल्या माझ्या कार्डावर जमा झाल्या. विचारल्यावर मार्गदर्शकाने सरळ कबुली दिली की आडोसा आधीच्या सकाळच्या गटासाठी बांधला होता आणि हलवायचा राहून गेला. समुद्रावर जो माणूस वाऱ्याची दिशा पाहून पालथे झोपायला लावतो, त्याने जंगलात सूर्य विसरावा, याची गंमतही वाटली आणि चीडही आली.

रविवारची सकाळ जंगलातल्या पायवाटेवर गेली. शेकरू दिसले, आणि नुसते पळताना दिसले असे नव्हे; एका उंच झाडावर काटक्या-पानांचे गोल घरटे डागडुजी करताना अर्धा तास दिसले. ते फांदीला मागच्या पायांनी उलटे लोंबकळून हाताने खात होते. झाडीत प्रकाश कमी, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनक्षमता) ३२०० च्या खाली नेता येत नव्हता, तरी चार छायाचित्रे मनासारखी आली. मलबारी कवड्या धनेशाचा आवाज दोनदा आला, पक्षी दिसला नाही. गटातील एकाने मोबाइलवर धनेशाचा आवाज लावून त्याला बोलवावे, असा आग्रह धरला. मार्गदर्शक म्हणाला, “सर, तो त्याच्या कामात आहे. दिसला तर दिसला.” सहलीच्या जाहिरातीत धनेशाचे मोठे चित्र छापले आहे, हे लक्षात घेता त्या उत्तराला किंमत आहे, आणि जाहिरातीत ते चित्र छापू नये, असेही मला वाटते.

तक्रारी आणखी दोन आहेत. पत्रकात आठ जणांचा गट म्हटले होते, प्रत्यक्षात आम्ही अकरा होतो. किनाऱ्यावर त्याने काही बिघडत नाही, पण कापडी आडोशात अकरा माणसे, अकरा कॅमेरे आणि एक खोकला, हे गणित जमत नाही. पाळी लावावी लागली आणि माझ्या पत्नीच्या वाट्याला जेमतेम चाळीस मिनिटे आली. दुसरी तक्रार भाड्याच्या लेन्सविषयी. संस्थेने पुण्यातील एका भाड्याने देणाऱ्या दुकानातून ती आणवली होती. २००-५०० मिलिमीटरची ती लेन्स काचेच्या बाबतीत निर्दोष होती, पण तिपाईला जोडण्याच्या कड्याचा स्क्रू सैल निघाला. सव्वादोन किलोच्या आसपास वजनाची वस्तू सैल स्क्रूवर तोलताना हात कापतात. मी शेवटपर्यंत ती तांदळाच्या पिशवीवर टेकवूनच वापरली, आणि खरे सांगायचे तर वाळूवर पालथे पडून काम करताना तिपाईपेक्षा ती दीड किलो तांदळाची पिशवीच अधिक उपयोगी पडते. लेन्स ताब्यात घेतानाच, दुकानदारासमोर, सगळे स्क्रू फिरवून पाहावेत.

खाऱ्या हवेची काळजी मात्र संस्थेने चांगली घेतली. किनाऱ्यावरून परतल्यावर प्रत्येकाचे साहित्य आधी किंचित ओल्या आणि मग कोरड्या सुती फडक्याने पुसून घेतले जात असे, कारण खारवट ओल तशीच सुकली की भिंगावर आणि सांध्यांत मिठाची पुटे बसतात. पहाटे वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर दमट हवेत नेलेल्या भिंगावर धुके धरते, हे मला ऐकून ठाऊक होते. पहिल्या रात्री खोली गार ठेवल्यामुळे शनिवारी पहाटे अनुभवानेही कळले. भिंग उजळायला वीस मिनिटे लागली. दुसऱ्या रात्री आम्ही पिशवी खोलीबाहेर पडवीत ठेवली आणि प्रश्न मिटला. बैठकीत ही गोष्ट सांगितली असती तर ती वीस मिनिटे वाचली असती.

परतीचा प्रवास अलिबाग, पेण, खोपोली असा झाला. वाटेत किहीमला चहासाठी थांबलो. याच गावी १९३० च्या सुमारास सालिम अली यांनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. मार्गदर्शकाने ते सांगितले तेव्हा अर्धी बस झोपेत होती. रात्री साडेनऊला चांदणी चौकात उतरलो.

ज्यांना तीन दिवसांत शंभर जातींची यादी भरायची आहे, त्यांनी ही सहल घेऊ नये. आमची यादी सत्तरच्या आतच राहिली आणि त्याबद्दल कोणी खंत केली नाही. ज्यांना खाली बसता-उठताना त्रास होतो, त्यांनी आधी सांगून ठेवावे. बुटक्या घडीच्या स्टुलाची सोय ते करतात, मला ते उशिरा कळले. पंधरा वर्षांखालील मुलांना घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण या सहलीत करण्यासारखे काम म्हणजे बहुतांशी गप्प पडून राहणे.

परतल्यावर गटातल्या माणसांच्या संख्येविषयी मी त्यांना सविस्तर पत्र लिहिले. तीन दिवसांत उत्तर आले, दिलगिरी होती आणि प्रत्येकी १,००० रुपये परत मिळाले. त्याच उत्तरासोबत पुढील सहलीचे पत्रक होते: होळीला जोडून, तीन दिवस. होळीला पौर्णिमा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पक्षी जवळ येतील तेव्हा वाळूवरून वाफा निघत असतील आणि थवा पाठ फिरवून उभा असेल. मी हे त्यांना त्यांच्याच फळ्यावरच्या गणितासह कळवले. सुट्टीला जोडून काढली नाही तर जागा भरत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. ते मला कळते. आमची दोन नावे मी त्यानंतरच्या नवमीच्या सहलीसाठी दिली आहेत.